रागानं फेटलेलं तूप

मायच्या गालाच्या आत जखम होती. गल्लीतल्या डॉक्टरनं आधी सांगितलं, दात लागतोय. मग म्हणाला, पोट साफ नाही. मग म्हणाला, अंगात जीवनसत्त्वं कमी आहेत. प्रत्येक वेळी त्यानं टेबलापलीकडूनच "आ करा" म्हटलं, मायनं अर्धा आ केला आणि तेवढ्यावर दोघांचं भागलं. त्याला बॅटरी लावून बघायचा कंटाळा होता आणि मायला तोंड पूर्ण उघडायचं नव्हतं, कारण उघडलं असतं तर हिरड्यांवरची तंबाखूची मिसरी दिसली असती. माय दर वेळी जेलची नवीन ट्यूब घेऊन समाधानानं घरी यायची.

मला कळलं ते ठेच्यामुळं. लसणाचा ठेचा नसला तर माय भाकरीला हात लावत नसे. एका रविवारी तिनं ठेचा हळूच ताटाबाहेर सारला आणि भाकरी दुधात कुस्करायला लागली.

"काय झालं गं?"

"काय नाय. आज नको वाटतंय."

मी उठले, तिची हनुवटी धरली, मोबाइलची बॅटरी लावली आणि तिला तोंड उघडायला लावलं. ती मान हलवत राहिली, मी सोडली नाही. आत जे दिसलं ते मी इथं लिहीत नाही. मी शेंद्र्याला एका कारखान्यात माल तपासायचं काम करते. भेग, चीर, खड्डा, सगळं माझ्या नजरेला सापडतं. दिवसभर लोखंडाचे तुकडे फिरवून फिरवून बघणारी मी, आणि घरात समोर बसून जेवणाऱ्या बाईच्या तोंडात काय चाललंय ते मला दिसलं नव्हतं. पण त्या वेळी मला स्वतःचा राग आला नाही, मायचा आला.

"किती दिवस झाले?"

"हाय थोडे दिवस."

"मिसरी सोडली का?"

मायनं कमरेची डबी पदराखाली आणखी आत सरकवली.

सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. अहवाल आला त्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं घरी आलो. मायनं पाय धुतले, बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि टीव्ही लावून बसली. कुणाच्या तरी लग्नाची मालिका चालू होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. मला काहीतरी फोडायचं होतं. कपाटातले पेले दिसत होते, काचेची बरणी दिसत होती. पण फोडलं तर झाडावं मलाच लागणार होतं, आणि बाहेर बसलेली बाई म्हणाली असती, "नुकसान कशाला केलं?"

आमच्या भिंतीला भिंत लागून एक खाला राहतात. ईदच्या आधी त्या घरीच नानकटाई भाजतात. त्यांचं बघून मीही एक छोटा ओव्हन घेतला होता, पण दोनदा वापरून त्यावर कापड टाकून ठेवला होता. खालांनी शिकवताना सांगितलं होतं, "बेटा, घी को इत्ता फेट, इत्ता फेट, के हात दुखने लगे. तब्बीच खस्ता होती." खस्ता म्हणजे खुसखुशीत. त्या दिवशी मी तुपाचा डबा काढला, पितळी परातीत तूप घेतलं आणि तळहातानं फेटायला लागले. त्या डॉक्टरला फेटलं, त्याच्या जेलच्या ट्यूबा फेटल्या. मायला फेटलं, तिच्या डबीला फेटलं, टीव्हीतल्या त्या नवरीला पण फेटलं. तूप पांढरंशुभ्र झालं, फुललं. मग पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, चिमूटभर सोडा. गोळे वळताना मी पहिल्यांदा रडले. नानकटाई भाजल्याचा वास घरभर पसरला तसा मायनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"काय करायलीस?"

"बिस्किटं."

"आज?"

"व्हय, आज."

तिनं एक उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं. तिला खाता येत नव्हतं. मी ताटलीभर खाल्ली. ओव्हनसमोर फरशीवर बसून, एकामागून एक. तोंडात टाकली की तिचा भुगा व्हायचा. जगात निदान एक गोष्ट माझ्या हातानं नीट झाली होती, म्हणून मी खात होते.

ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग आणि जबड्याचा थोडा तुकडा काढला, छातीवरचं कातडं आणून तिथं लावलं. नाकातून नळी आली. भाऊ पुण्याहून आला, थोडे दिवस राहिला, रजा संपली तसा गेला. मग गंगापूरहून मावशी आली. मायची मोठी बहीण. माय तिला आक्का म्हणते. मावशी एसटीनं आली ती डोक्यावर बाजरीचं गाठोडं घेऊन, आणि आल्या आल्या पदर खोचून कामाला लागली. मायचं धुणं, तिला उठवणं-बसवणं, नळीतून पेज देणं, सगळं. पाणी आठवड्यातून एकदा येतं आमच्याकडं. त्या दिवशी सगळी भांडी, पिंपं, कळश्या भरून घेणं हे मावशी एकटीनं करायची. मी कामावर जाऊ शकत होते ते तिच्यामुळं. हे मी आधी सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात मी तिच्याशी फार वाईट बोलले आणि त्यातलं पुष्कळसं मी अजूनही परत घेतलेलं नाही.

नळी निघाल्यावरची गोष्ट. त्या दिवशी कंपनीत वीज गेली म्हणून बस लवकर परत आली. मी घरात शिरले तर ओसरीत मावशी आणि माय शेजारी शेजारी बसलेल्या. मावशीच्या मांडीवर मिसरीची डबी उघडी. मावशीचं बोट तिच्या स्वतःच्या दातांवर फिरत होतं. आणि माझी माय, जिच्या तोंडातले टाके अजून पुरते विरघळले नव्हते, ती डबीत बोट बुडवत होती.

मी काय केलं ते सगळं मला आठवत नाही. डबी मी हिसकावली आणि मोरीत आपटली हे आठवतं. काळी भुकटी भिंतीवर उडाली.

"तू हिला मारायला आलीस का गं मावशी? गंगापूरहून एसटीचं तिकीट काढून?"

"अगं पोरी, तीच म्हणली. नुसता वास घेते म्हणली."

"वास? बोटानं घेतात वास?"

"लई तडफडत होती गं. मला बघवंना."

"बघवत नव्हतं तर उठून आत जायचं. तुझ्या तोंडाला आग लागली नाही अजून म्हणून तुला कळत नाही. लागेल तेव्हा माझ्याकडं येऊ नको."

मावशीचा चेहरा पडला. मग मी मायकडं वळले. तिच्यासमोर मी जे बोलले ते कुठल्याही आजारी माणसासमोर बोलू नये. म्हणाले, "तुला जगायचंच नसेल तर सांग. मी उद्यापासून हॉस्पिटलला नेत नाही. रजा माझ्या, धावपळ माझी, आणि तू इथं बसून..."

मायला तेव्हा नीट बोलता येत नव्हतं. शब्द गालातून घसरून बाहेर यायचे. तिनं हात वर केला, मला थांबवलं, आणि एकेक शब्द जुळवत सांगायला लागली.

"भूक मरती त्यानं."

"काय?"

"मिसरीनं. भूक मरती. तुमी दोघं ल्हान व्हता. तुमचा बाप गेल्यावर मी बांधकामावर जायची. डबा तुमालाच पुरायचा. दुपारी पोटात कालवायचं. घमेलं उचलताना डोळ्यापुढं अंधारी यायची. मुकादम म्हणला, हे घे, दाताला लाव, भूक लागत नाय. समद्या बायांला द्यायचा. फुकट."

मावशी हळूच म्हणाली, "मला बी तसंच लागलं. उसाच्या फडात."

मी ओसरीच्या पायरीवर बसले. ज्या वसाहतींच्या इमारतींत माय घमेली वाहायची त्या मी रोज बसमधून बघते. आता तिथं झाडं आहेत, फाटकावर पहारेकरी आहे. जेवणाची सुट्टी द्यायच्या ऐवजी तो मुकादम बायकांना तंबाखू जाळून केलेली भुकटी वाटायचा. त्याला ठाऊक होतं. भुकेला माणूस मध्ये मध्ये बसतो, मिसरी लावलेला माणूस बसत नाही. त्यानं हिशेबानं वाटली. आणि आम्ही दोघं भावंडं, मला आठवतं, शाळेतून येऊन डब्यातली शेवटची भाकरीसुद्धा भांडून वाटून घ्यायचो, आणि माय संध्याकाळी येऊन म्हणायची, "मला भूकच नाय."

आतापर्यंत माझा राग घरात मावत होता. मायवर, मावशीवर, डबीवर. त्या क्षणापासून तो घराबाहेर गेला आणि त्याला कुणाचं तोंडच सापडेना. मुकादम कुठला, त्याचं नाव काय, मायलाही आठवत नव्हतं. जिवंत असेल तर कुठंतरी खुर्ची टाकून बसला असेल, नातवंडं खेळवत असेल.

मावशी दुसऱ्या दिवशी गंगापूरला गेली. मी तिला थांबवलं नाही.

मग किरणं सुरू झाली. शेक, म्हणतात तिथं सगळे. रोज सकाळी जायचं, रांगेत बसायचं, आत थोडा वेळ, की परत. पहिले काही दिवस बरे गेले. मग मायचं तोंड आतून सोलवटलं. पाणी झोंबायचं. डाळ झोंबायची. लाळ सुकली. पेजेचा चमचा तोंडाजवळ नेला की ती मान फिरवायची आणि डोळे मिटून घ्यायची. वजन उतरत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिनं खाल्लं नाही तर मध्येच थांबवावं लागेल.

मी परत तूप काढलं. या वेळी बेसन नाही, सोडा नाही, वेलचीसुद्धा नाही, कारण वेलचीही झोंबायची. फक्त मैदा, तूप आणि अगदी बारीक चाळलेली साखर. कमी आचेवर, रंग न येऊ देता भाजली. कोमट दुधात एक नानकटाई सोडली. ती बुडाली, फुगली आणि बघता बघता तिचं मऊसूत लापशीसारखं झालं. चमच्यानं ते मायच्या चांगल्या बाजूच्या गालात सोडलं. तिनं डोळे मिटले. मी चमचा तसाच धरून बसले. तिनं गिळलं.

"कशी आहे?"

मायनं जीभ टाळ्याला लावून बघितली. "चव काय कळंना," ती म्हणाली. "पण टोचत नाय."

टोचत नाय. मला तेवढं पुरलं. तिनं दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तीन. मी कामावरून आले की ओव्हन लावायचा हा नेमच झाला. वीज असेल तेव्हा भाजून ठेवायचं. खाला त्यांच्या घरचं घट्ट दूध पाठवायच्या. आणि मला राग यायचा, तूप फेटताना रोज यायचा, पण त्या रागाचं खाणं व्हायचं आणि मायच्या पोटात जायचं. मला वाटतं, त्या दिवसांत मी वेडी झाले नाही ती त्यामुळं.

मी डबा हॉस्पिटलातही न्यायला लागले. रांगेत बहुतेक बायकाच असायच्या. पदरानं तोंड झाकलेल्या, मान खाली घातलेल्या. चितेगावकडची एक बाई मायच्या शेजारी बसायची. तिला मी चहावाल्याकडून कोमट दूध आणून त्यात नानकटाई कालवून दिली. तिनं खाल्ली आणि पदराच्या आत रडली. मग पुढच्या दिवसापासून डबा मोठा झाला.

अशाच एका सकाळी कुठल्याशा संस्थेची माणसं आली. जनजागृतीचा कार्यक्रम होता म्हणे. कडक इस्त्रीचं जाकीट घातलेला एक गृहस्थ, त्याच्याबरोबर फोटो काढणारा, आणि खोक्यात बिस्किटांचे पुडे. रांगेतल्या बायकांना त्यानं अर्धगोलात बसवलं. बोलायला लागला. तंबाखूचे दुष्परिणाम वगैरे. तिथं बसलेल्या प्रत्येकीनं ते दुष्परिणाम पदराखाली धरून ठेवले होते, तरी तो चित्रं दाखवत होता. मग म्हणाला, "तुम्हा बायकांना एवढंसं व्यसन सोडवत नाही. शिक्षण नाही, समज नाही. मग शेवटी त्रास कुणाला? घरच्यांना आणि सरकारला."

मी मागं उभी होते. म्हणाले, "साहेब, यांना विचारा ना, पहिली चिमूट कुणी दिली."

तो हसला. "ताई, प्रश्न शेवटी घेऊ."

"शेवटी नाही, आत्ता. ही माझी माय. हिला मुकादमानं दिली. जेवायला सुट्टी द्यायला लागू नये म्हणून. भूक मारायला. तुम्ही राहता ना ज्या बिल्डिंगमध्ये, तशाच बिल्डिंगा बांधल्या हिनं उपाशीपोटी."

चितेगावची बाई पदराआडून म्हणाली, "मला सासूनं. बाळंतपणात. खायाला लई मागती म्हणून."

"आम्हाला ऊसतोडीच्या टोळीवाल्यानं," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या गृहस्थानं घड्याळ बघितलं. माझ्या बोलण्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला असं मी सांगणार नाही, कारण झाला नाही. तो "अगदी बरोबर, सामाजिक प्रश्न आहे हा" असं म्हणाला आणि पुढचं चित्र लावलं. शेवटी त्यानं पुडे वाटले. कडक, करकरीत बिस्किटं. ज्यांना पाण्याचा घोट गिळताना जीव नकोसा होतो त्यांच्या हातात ती कडक बिस्किटं. आणि फोटोवाला म्हणाला, "पुडा असा समोर धरा. पदर जरा खाली घ्या. हं, आता हसा."

हसा.

मी त्याच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. "यांना हसता येत नाही. जबडे कापलेत यांचे. तुम्हाला दिसत नाही?"

"मॅडम, प्लीज, एकच फोटो."

"एकही नाही."

आवाज ऐकून सिस्टर आली. तिनं परिस्थिती बघितली आणि त्यांना म्हणाली, "झालं ना तुमचं? पेशंट आत घ्यायचेत." ते गेले. जाताना जाकीटवाला माझ्याकडं बघून कुणाला तरी म्हणाला, "फार ॲग्रेसिव्ह आहे." मी ऐकलं. मला बरं वाटलं.

बायकांनी ते पुडे पिशव्यांत घातले. घरी नातवंडं होती. मी चहावाल्याकडून दूध आणलं, कागदी पेल्यांत ओतलं, प्रत्येकीच्या पेल्यात दोन नानकटाया सोडल्या. माय चमच्यानं ढवळत होती. मला वाटलं ती मला रागावणार, चारचौघांत तोंड चालवलं म्हणून. लहानपणापासून तिनं तेच शिकवलं, कामाच्या ठिकाणी मान खाली. ती म्हणाली, "अजून बोलायला पायजे व्हतं तू." आणि परत ढवळता ढवळता, "मुकादमाचं."

किरणं पूर्ण झाली. मध्ये थांबवावी लागली नाहीत.

दिवाळीच्या सुमाराला गंगापूरहून येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती मावशीनं तुपाची बरणी पाठवली. तिच्या म्हशीचं, दाणेदार. निरोप होता, बिस्किटाला वापर. माझा राग गेला नव्हता. मी बरणी ओट्यावर ठेवली, तिच्याकडं बघत राहिले, मग फोन लावला.

"तूप मिळालं."

"व्हय का. बरं झालं. ती खाती का?"

"खाते. तू इकडं ये. तुझं तोंड दाखवायचंय डॉक्टरांना."

"मला काय झालंय? मी ठणठणीत हाय."

"मायही ठणठणीत होती. तू येतेस की मी गंगापूरला येऊन तुला एसटीत कोंबू?"

ती आली. आमच्यात माफीबिफी काही झालं नाही. ती माझ्याशी कमी बोलत होती आणि मी तिच्याशी. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालात पांढरा चट्टा दाखवला. अजून कॅन्सर नाही, पण सोडली नाही तर होईल, असं स्पष्ट सांगितलं. हॉस्पिटलच्या पायऱ्या मावशी कठडा धरून उतरत होती. मी तिचा दंड धरला तेव्हा ती म्हणाली, "मोरीत आपटलीस ती डबी, ती माझ्या आईची व्हती."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या आजीनंही लावली होती. ती कशानं गेली ते कुणी कधी नीट सांगितलं नव्हतं, तोंडाचं काहीतरी झालं होतं एवढंच. तिच्या तोंडातही कुणीतरी पहिली चिमूट ठेवली असणार. तिथंच पायऱ्यांवर मला परत सगळं फोडावंसं वाटलं.

मावशी आता महिन्या-दोन महिन्यांनी तपासायला येते. मिसरी सोडली म्हणते. मी विश्वास ठेवत नाही, तिची पिशवी तपासते, ती शिव्या देते आणि तपासू देते. माय घरात हिंडते-फिरते. तोंड पूर्ण उघडत नाही, दोन बोटं जेमतेम जातात. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम ती आळस करत करते आणि मी ओरडत करून घेते.

परवा रविवारी दोघी बहिणी घरी होत्या. मी नानकटाई ओव्हनमधून काढून जाळीवर ठेवली होती, दूध तापत होतं. मायनं एक उचलली. मी म्हणाले, "थांब, दूध देते." तिनं ऐकलं नाही. कोरडीच ओठांशी नेली, तिरकी धरली आणि चांगल्या बाजूच्या दातांनी एक कोपरा तोडला. खरखर झाली, पीठ पदरावर सांडलं. ती चावत राहिली. फार वेळ लागला. मावशी आणि मी तिच्याकडं बघत होतो.

"काय बघताय?" माय म्हणाली. "दूध उतू जायलंय तिकडं."

खरंच जात होतं. मी धावले.